अलातचक्र, अक्षर आणि पिवळा शंख : आपल्या टेबलावरच्या पडद्याचा इतिहास

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटले असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने बाजारातल्या वस्तूंच्या गोष्टी कशाला काढाव्यात? कॉम्प्युटरचा मॉनिटर कुठला घ्यावा, हे दुकानदाराला विचारावे, नाहीतर घरातल्या नातवाला. प्राध्यापकाला कशाला?

पण बघा, आपल्या परंपरेने ज्ञानाची पहिली पायरी मानली ती प्रत्यक्षाची. डोळ्यांना दिसते ते खरे की भास, या एका प्रश्नावर नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती शतकानुशतके भांडले. आज आपण दिवसाचे सहा-आठ तास ज्या वस्तूकडे बघतो ती दोन-अडीच फुटांची एक काच आहे. बँकेतला हिशेब, कोर्टातला कागद, नातवंडांचा अभ्यास, लग्नाचा फोटो, सगळे त्या काचेतून आपल्यापर्यंत येते. म्हणजे आपल्या प्रत्यक्षाचा मोठा भाग आपण ती काच बनवणाऱ्याच्या हवाली केला आहे. मग ती निवडताना थोडा विचार नको का?

लोक आम्हाला तीन प्रकारचे प्रश्न विचारतात. ऑफिसच्या कामासाठी कुठला घ्यावा? फोटोच्या कामासाठी कुठला? आणि मुलगा गेम खेळतो, त्याला कुठला? गंमत अशी की या तिन्ही प्रश्नांमागे तीन वेगळे इतिहास आहेत, आणि तिघांनाही आपल्या दर्शनशास्त्रात एकेक जुने नाव आहे. ती नावे अलातचक्र, अक्षर आणि पीतशंख. याच क्रमाने आपण जाऊ.

अलातचक्र

अलात म्हणजे जळते कोलीत. अंधारात कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते. वर्तुळ तिथे नसते, एक ठिणगी असते आणि तिची गती असते. न्यायसूत्रांत हा दृष्टान्त आहे. गौडपादाचार्यांनी तर मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाचे नावच ‘अलातशान्ती’ ठेवले. हे गौडपाद म्हणजे परंपरेप्रमाणे आद्य शंकराचार्यांचे परमगुरू. आपल्या निर्मळला शंकराचार्यांचे मंदिर आहे, कार्तिकात तिथे यात्रा भरते, तेव्हा हे नाव आपल्याला अगदीच परके नाही.

आता १८९७ सालात या. जर्मनीत फर्डिनांड ब्राउन या शास्त्रज्ञाने एक काचेची नळी तयार केली. नळीतली हवा काढून घेतलेली, मागून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडलेला, आणि पुढच्या काचेला आतून असा लेप की झोत आदळला की तिथे प्रकाशाचा ठिपका उमटावा. चुंबकाने झोत वळवला की ठिपका सरकतो. हेच ते कोलीत! पुढे सगळे दूरचित्रवाणी संच आणि कॉम्प्युटरचे जाडजूड मॉनिटर याच तत्त्वावर चालले. पडद्यावर कुठल्याही एका क्षणी चित्र नसायचेच. एक ठिपका असायचा, आणि तो इतक्या वेगाने ओळींमागून ओळी रंगवत जायचा की आपला डोळा त्यांचे चित्र करायचा.

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वसईच्या कौलांवर वरळीच्या दिशेला तोंड केलेल्या अँटेना दिसू लागल्या, त्या त्यानंतरच. त्या चित्रात ६२५ ओळी असत आणि सेकंदाला २५ चित्रे. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवले जाई, आधी विषम ओळी, मग सम. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. हा आकडा आभाळातून पडला नव्हता. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, तिच्याशी मेळ राहावा म्हणून तो धरला गेला. रंग आले १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी. आणि रंगीत संचांच्या त्या लाटेत जे नाव घरोघरी गेले, ते शिंगवाल्या सैतानाच्या जाहिरातीचे ओनिडा. ते बनवणाऱ्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यात कुडूसला उभा राहिला. पडदा ही गोष्ट आपल्याकडे केवळ विकत घेतली गेली असे नाही. ती इथल्या कामगारांच्या हातांनी जोडलीही गेली.

पडद्यावरचा खेळही याच नळीचे अपत्य. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. तिथे चेंडू म्हणजे शब्दशः एक सरकता ठिपका होता. १९६२ मध्ये एमआयटीतल्या तरुणांनी ‘स्पेसवॉर’ केला. आज तुमचा नातू जे खेळतो त्याचे हे पणजोबा.

मग नळी गेली आणि चपटा पडदा आला. त्याची गोष्ट वेगळीच. १८८८ साली प्राग शहरात फ्रिडरिख रायनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यांना आढळले की त्यापासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळतो. सुमारे १४५ अंशांना तो गढूळ द्रव होतो आणि सुमारे १७९ अंशांना स्वच्छ. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो आणि स्फटिकासारखा प्रकाश वळवतो. हाच द्रवस्फटिक, लिक्विड क्रिस्टल. पुढची ऐंशी वर्षे त्याचा बाजाराला काही उपयोग नव्हता! १९६८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांनी त्यापासून पडदा करून दाखवला, आणि १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिख यांनी त्याचे रेणू पिळवटून ठेवायची युक्ती काढली. वीज दिली की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. म्हणजे द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही. तो खिडकीच्या झडपेसारखा आहे. उजेड मागे असतो, पुढे लाखो झडपा उघडझाप करतात.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण गेमिंगचा सगळा बाजार यावर उभा आहे. नळीत ठिपका उमटायचा आणि विझायचा. चपट्या पडद्यात चित्र पुढचे येईपर्यंत तसेच धरून ठेवलेले असते. सेकंदाला ६० चित्रे असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागेवर उभे. पण आपली नजर थांबत नाही ना! पडद्यावर गाडी सेकंदाला ९६० ठिपके या वेगाने धावते आहे आणि आपली नजर तिच्यामागे आहे, तर प्रत्येक चित्राच्या मुक्कामात नजर १६ ठिपके पुढे गेलेली असते. तेवढी गाडी फरकटलेली दिसते. सेकंदाला १४४ चित्रे केली तर हा फरकटा सात ठिपक्यांच्या आत येतो. म्हणून खेळणारा मुलगा १४४ हर्ट्झचा हट्ट धरतो तेव्हा तो अगदीच थेरे करतो आहे असे समजू नका. त्याच्या मागणीत अर्थ आहे.

पण त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, तुझ्या मशीनमधले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला तेवढी चित्रे देते का? मॉनिटर मागतो १४४ आणि कार्ड देते ५०, तर पैसे वाया. त्यात फोर-के पडदा घेतला तर ठिपके सुमारे ८३ लाख होतात, साध्या फुल एचडीच्या चौपट, आणि कार्डाचे कामही त्याच मानाने वाढते. कार्डाचा वेग खालीवर होतो तिथे पडद्याने आपली फेरी कार्डाच्या चालीशी जुळवून घेण्याची सोय २०१३ नंतर बाजारात आली. जी-सिंक आणि फ्रीसिंक ही तिचीच नावे. ती असलेला पडदा घ्यावा. दुसरा प्रश्न खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ या शब्दांचा. तो आकडा बहुतेक वेळा सगळ्यात अनुकूल सेटिंगवर मोजलेला असतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा काळ तो नव्हे. आणि केबल जुनी वापरू नका. एचडीएमआय १.४ ची जोडणी फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेऊ शकते. पडदा कितीही चांगला असू दे, वाटेत बोळ अरुंद असेल तर वरात अडकणारच.

अक्षर

आता कामाचा पडदा. काम म्हणजे काय, तर मुख्यतः वाचणे आणि लिहिणे. अक्षर.

आपला वसई तालुका अक्षरांच्या बाबतीत भाग्यवान आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. बावीसशे वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे आपल्या मातीत होती. त्या दगडावरचे अक्षर आणि आपल्या पडद्यावरचे अक्षर यांत मूलभूत फरक कुठला? दगड, ताम्रपट, पोथी, छापील पुस्तक, या सगळ्यांवर बाहेरचा उजेड पडतो आणि परतून डोळ्यांत येतो. संध्याकाळ झाली की अक्षर आपोआप मंद होते आणि माणूस पुस्तक मिटतो. पडदा स्वतः उजेड फेकतो. त्याला संध्याकाळ कळत नाही. डोळ्यांचे बरेचसे दुखणे इथून सुरू होते. खोलीत अंधार आणि समोर दिव्यासारखा जळणारा पडदा, हे चूक. पडद्याचा उजेड इतका ठेवावा की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडद्यावरचे पांढरे पान साधारण सारखे दिसावे. याला एक पैसा लागत नाही.

कॉम्प्युटरच्या पडद्याचा आपल्याकडचा इतिहास मुंबईतच सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ पासून एक संगणक बांधायला घेतला गेला. तो १९६० मध्ये पूर्ण चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. या यंत्राला आलेख आणि अक्षरे दाखवणारी कॅथोड किरणांची नळी जोडलेली होती. बाहेर बहुतेक ठिकाणी उत्तरे कागदावर छापून यायची, त्या काळची ही गोष्ट.

पण ती अक्षरे रोमन. देवनागरीची खरी अडचण पुढे आली. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्याच्या हिरव्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी बसत, आणि प्रत्येक अक्षराला जागा मिळे ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच. रंगीत पडद्यावर तर ८ बाय ८. ए, बी, सी त्यात ऐसपैस बसतात. आता तुम्ही त्या चौकटीत ‘कर्तृत्व’ लिहून दाखवा! एकाच त वर रफार, खाली ऋकार, वरून शिरोरेषा, पुढे जोडाक्षर. रोमन लिपी एका मजल्याची चाळ आहे, देवनागरी तीन मजल्यांची. आठ ठिपक्यांत तीन मजले बांधायचे कसे?

हे कोडे सोडवायला कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्यांचे ‘जिस्ट’ कार्ड मशीनमध्ये बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटू लागत. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ने छापखान्यांची आणि मासिकांची जुळणी पडद्यावर आणली. आणि विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टंक लाखो मशीनवर पोचला. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी, जे मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते. कागदावर बोरू चालवणारा माणूस पडद्यावरच्या ठिपक्यांसाठी अक्षर घडवायला बसला. आपण रोज ज्या अक्षरात निरोप वाचतो त्यामागे एवढी मेहनत आहे.

याचा खरेदीशी संबंध असा. मराठीत काम करणाऱ्याने पडद्याची इंचांतली लांबी नंतर बघावी, आधी बघावे एका इंचात ठिपके किती. २४ इंची फुल एचडी पडद्यात इंचाला सुमारे ९२ ठिपके बसतात. तेच ठिपके २७ इंचांवर ताणले की ८२ होतात. म्हणजे पैसे जास्त आणि अक्षर खरखरीत! २७ इंच घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा घ्या, तिथे १०९ ठिपके मिळतात. आणि २७ इंची फोर-केमध्ये १६३. चांगल्या डोळ्यांना साठ सेंटिमीटरवरून साधारण पावणेदोन दशांश मिलिमीटरपर्यंतचा बारकावा वेगळा दिसतो. ९२ च्या पडद्यावर एक ठिपका जवळपास पावणेतीन दशांश मिलिमीटरचा असतो, म्हणून तो डोळ्यांना जाणवतो. १६३ वर तो दीड दशांशाच्या आसपास येतो आणि अक्षर छापील वाटू लागते. पोटार्थी दिवसभर मराठी मजकूर तपासणारे जे आहेत, मुद्रितशोधक म्हणा, वकिलांचे कारकून म्हणा, अनुस्वार आहे की नाही यावर ज्यांची अब्रू अवलंबून, त्यांनी इतर चैनी सोडून इथे पैसे घालावेत.

आणखी एक हिशेब सांगतो. २४ इंची रुंद पडद्याची उंची जवळजवळ ३० सेंटिमीटर भरते. ए-फोर कागदाची उंची २९.७. म्हणजे कागद जवळपास खऱ्या आकारात समोर उभा राहतो, आणि रुंदीत दोन कागद शेजारी शेजारी मावतात. कारकुनी कामाला याहून मोठा पडदा ही गरज नाही, हौस आहे. पैसे उरले तर वरखाली होणारा स्टँड घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. आणि आमच्यासारखे दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारे असतील तर आणखी खाली, नाहीतर दिवसभर हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान धरते.

सध्या ओएलईडी पडद्यांचे कौतुक चालू आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरोखर काळा दिसतो. खेळ आणि सिनेमा यांना उत्तम. पण तेच चित्र तासन् तास एका जागी राहिले तर त्याचा डाग पडदा धरू शकतो. जुन्या हिरव्या नळ्यांवर बँकेच्या फॉर्मच्या चौकटी अशाच कायमच्या उमटत, आणि त्या टाळायलाच स्क्रीनसेव्हर जन्माला आला. दिवसभर एकाच तक्त्यात आकडे भरणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

पिवळा शंख

तिसरा पडदा फोटोवाल्यांचा, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

दर्शनग्रंथांत भ्रमाचे एक ठरलेले उदाहरण आहे. कावीळ झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. यात खुबी अशी की त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ही चूक कधीच कळत नाही. कितीही निरखून बघू दे, शंख पिवळाच. त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो.

आता आपल्या वसईचा एखादा तरुण फोटोग्राफर घ्या. लग्नाचा हंगाम आहे. सकाळी चर्चमधले लग्न, वधूचा पांढरा झगा. पलीकडे आगरी-कोळ्यांच्या घरी हळद. एखाद्या आजीने हौसेने नेसलेले सामवेदी लाल लुगडे. हा मुलगा रात्री बसून दीड हजार फोटो सुधारतो. त्याचा पडदा दुकानातून आला तसाच, भडक आणि निळसर, कारण दुकानात शेजारच्या पडद्यांपेक्षा उठून दिसावा म्हणून तो तसाच सोडलेला असतो. निळेपणा काढायला हा प्रत्येक फोटोत पिवळा मिसळतो. पडदा फार उजळ, म्हणून फोटो काळसर करतो. अल्बम छापून येतो तेव्हा झगा पिवळट, चेहरे सावळलेले, लुगडे विटकरी. मग लॅबवाल्याशी भांडण, घरच्यांशी भांडण, आणि पुन्हा छापायचा खर्च पदरचा. पैशांचे सोडा. त्या फोटोतली आजी पुढच्या वर्षी असेल नसेल. तिचे शेवटचे चांगले चित्र एका काविळ झालेल्या पडद्याने ठरवले!

रंगाचे माप ही गोष्ट जुनी आहे. आपल्याकडे राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. एकावर एक छापून लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी उतरे. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. त्या कारागिरांना ठाऊक होते की मूळ चित्र आणि छाप यांत अंतर पडते, आणि ते मोजून भरून काढावे लागते. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने रंग आकड्यांत मांडायची पद्धत ठरवली. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साध्या पडद्यांसाठी ‘एसआरजीबी’ हे समान माप सुचवले, आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याच १९९६ च्या सुमारास जपानच्या हिताचीने ‘आयपीएस’ जातीचे पॅनेल आणले, ज्यात बाजूने बघितले तरी रंग फारसा पालटत नाही. जुन्या टीएन जातीत मान जरा खाली केली की चेहऱ्याचा रंग बदलायचा. तिसरी व्हीए जात. तिचा काळा रंग गडद, पण कडेने बघताना रंग थोडा ढळतो.

तेव्हा फोटोवाल्याने आयपीएस घ्यावा आणि एसआरजीबीचा जवळजवळ पूर्ण आवाका असलेला घ्यावा. त्याहून मोठ्या रंगपट्ट्याच्या मोहात विचार करूनच पडावे. बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबीतल्याच फाइली मागतात, आणि मोठ्या पट्ट्याचा पडदा नीट बांधून घेतला नाही तर तेच लाल लुगडे आगीसारखे दिसते. उरलेल्या पैशात बाहेरचा साक्षीदार आणावा. साक्षीदार म्हणजे कॅलिब्रेटर, पडद्यावर ठेवून रंग मोजणारे छोटे यंत्र. तिघाचौघा फोटोग्राफरांनी मिळून एक घेतले तरी चालते. महिन्यातून एकदा प्रत्येकाकडे फिरवावे. पांढऱ्याचे माप ६५०० केल्विन, उजेड १०० कँडेलांच्या आसपास. पडदा सुरू करून अर्धा तास झाल्यावर मोजावे. खोलीची भिंत हिरवी-गुलाबी नको. आणि पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा लावा, कारण आपल्याकडे दुपारनंतर समुद्राकडून येणारे ऊन संध्याकाळपर्यंत तांबूस होत जाते आणि डोळा त्याच्याबरोबर वाहत जातो.

इथे कोणी म्हणेल, शेवटी सगळे पडदे खोटेच ना? फोटोतला झगा म्हणजे झगा नव्हेच. बरोबर. पण यावर बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने फार सुंदर उत्तर देऊन ठेवले आहे. एक माणूस रत्नाची प्रभा पाहून ‘हेच रत्न’ म्हणून धावतो; दुसरा दिव्याची प्रभा पाहून ‘हेच रत्न’ म्हणून धावतो. दोघांचेही ज्ञान चूक, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. पण पहिल्याच्या हाती रत्न लागते, दुसऱ्याच्या हाती काही नाही. मापात बसवलेला पडदा ही रत्नाची प्रभा आहे. भासच तो, पण आपल्याला योग्य जागी नेणारा.

दुकानात जाताना

आता बाजारात जायचे तर आपण काय करावे? आमचे म्हणणे असे की आकडे वाचण्याआधी तीन वस्तू खिशात घालून जावे. एका पेनड्राइव्हमध्ये जोडाक्षरांनी भरलेले मराठी पान, आपलाच एक फोटो, आणि त्याच फोटोची चांगल्या लॅबमधून आलेली छापील प्रत. पान नेहमीच्या आकारात उघडावे आणि हातभर अंतरावरून रफार, अनुस्वार, उकार वाचून बघावे. फोटो उघडावा आणि पडदा एसआरजीबीवर ठेवून शेजारी प्रत धरावी. मग ते पान भराभर वर सरकवावे आणि सरकताना वाचता येते का ते बघावे. अक्षर, शंख, कोलीत, तिन्ही परीक्षा दहा मिनिटांत होतात. दुकानदार कुरकुर करील, करू दे.

घरात एकच पडदा सगळ्यांना वापरायचा असेल, आणि आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट तीच, तर मधला मार्ग आहे. २७ इंच, २५६० बाय १४४०, आयपीएस, आणि फेरीचा वेग शंभराच्या वर. हा पडदा आईचे हिशेब, मुलीचे फोटो आणि मुलाचा खेळ, तिघांनाही निराश करत नाही. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातली विजेची ये-जा बघता सर्ज प्रोटेक्टर लावावा. आणि माळ्यावर पडलेला जुना नळीचा मॉनिटर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते, ते आपल्याच विहिरींच्या पाण्यात उतरेल. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. अधिकृत संकलकाकडेच तो द्यावा.

डोळ्यांबद्दल एक शब्द. दादासाहेब फाळके सिनेमाच्या ध्यासाने रोज तासन् तास चित्रे बघत राहिले आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले होते. उपचारांनी दृष्टी परत आली म्हणून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. आज निळ्या प्रकाशाची भीती घालून चष्मे विकले जातात. पण पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असे अमेरिकन नेत्रतज्ज्ञांची अकादमीच सांगते. ताण येतो तो आपण पापणी कमी मिटतो म्हणून, आणि जवळच बघत राहतो म्हणून. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघावे. आपल्या गावात अजून केळीच्या वाड्या आणि चिंचेची झाडे शिल्लक आहेत, बघायला जागा आहे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. उरलेला अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. ज्यांनी मॉडेलचे कागद लिहून आणले आहेत त्यांनी आधी तो पडदा कोण, किती तास आणि कुठल्या खोलीत वापरणार ते सांगावे, मग आपण आकड्यांकडे वळू.